साउंड सर्व्हर नवा, टेस्ट केली जुन्याची

फेडोरा ही लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टिम. तिच्या ३४ व्या आवृत्तीत पल्सऑडिओ हा साउंड सर्व्हर, म्हणजे सगळ्या अॅप्सचा आवाज स्पीकर-हेडफोनपर्यंत पोचवणारा प्रोग्रॅम, जाऊन पाइपवायर येणार होतं, तेव्हा मी टेस्टिंगमध्ये अगदी कच्चा होतो. पल्सऑडिओ २००७ च्या फेडोरा ८ पासूनचं. एवढं मुरलेलं काढायचं म्हणजे गाणी, कॉल, एचडीएमआय, ब्लूटूथ, सगळंच ढवळून निघणार. म्हणून रिलीजआधी टेस्ट डे होता: माझ्यासारख्यांनी आपापल्या मशीनवर तपासायचं आणि एका तक्त्यात निकाल लिहायचा.

पॅकेज बदलायची कमांड चालवली. जुनं गेलं, नवं आलं. गाणं वाजलं. यूएसबी हेडफोन उपटून परत लावला, ठीक. दोन तासांत तक्त्यातल्या सगळ्या ओळींपुढे ‘पास’ लिहून चहाला गेलो. परत येतो तर चॅटवर एकाचा प्रश्न: ‘लॉगआउट केलंस ना?’

नव्हतं केलं.

आता हे नीट वाचा, कारण इथेच पाय घसरतो. पॅकेज काढलं की डिस्कवरची फाइल जाते, पण आधीपासून चालू असलेली प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रॅम, लॉगआउट किंवा रीबूट करेपर्यंत मेमरीत तशीच चालत राहते. शिवाय पाइपवायर पल्सऑडिओचीच भाषा बोलतं, त्यामुळे ब्राउझर किंवा प्लेअरला आपण कोणाशी बोलतोय याचा पत्ताच नसतो. तुम्हालाही कानाने कळत नाही. टर्मिनलमध्ये ‘पीएसीटीएल इन्फो’ (pactl info) ही कमांड चालवा आणि ‘सर्व्हर नेम’ची ओळ बघा. तिथे ‘पल्सऑडिओ (ऑन पाइपवायर …)’ असं हवं. माझ्याकडे नुसतं ‘पल्सऑडिओ’ होतं. दोन तास मी जुन्यालाच शंभर टक्के मार्क देत बसलो होतो!

खोटा ‘पास’ हा चुकलेल्या ‘फेल’पेक्षा वाईट. बदल ठेवायचा की जुन्यावर परत जायचं, हे ठरवताना लोक याच तक्त्याकडे बघतात. म्हणून आधी रीबूट, मग ती ओळ, मग टेस्ट. रिपोर्टमध्येही ती ओळ चिकटवा.

आणखी एक. ‘व्हर्च्युअल मशीनवर (कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या नकली कॉम्प्युटरवर) उरकून टाक’ म्हणणारे गुरू भेटतील. आवाजाच्या बाबतीत त्यांचं ऐकू नका, तिथलं साउंड कार्डच नकली असतं. तयार स्क्रिप्ट देणाऱ्यांपेक्षा ‘लॉगआउट केलंस ना?’ विचारणारा एक माणूस मला जास्त उपयोगी पडला.

घाबरू मात्र नका. सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत नाही, कोड कळत नाही, चालतं. तुमचा जुना लॅपटॉप आणि तो विचित्र हेडसेट डेव्हलपरच्या टेबलावर नसतो, म्हणून तर तुम्ही हवे आहात.

मी ते निकाल खोडायला सांगितले. लाज वाटली, पण कोणी काही बोललं नाही. रीबूट करून पुन्हा पहिल्या ओळीपासून बसलो. गाणं वाजलं, यूएसबी चाललं. ब्लूटूथ हेडसेट लावून कॉल जोडला, तर समोरचा म्हणतो, ‘अरे, तुझा आवाजच येत नाहीये.’ हेडसेटचं प्रोफाइल (गाण्यांचा मोड की कॉलचा) हाताने बदललं तेव्हा माइक चालू झाला. हेडसेटचं मॉडेल, लॉग आणि ती ओळ जोडून आयुष्यातला पहिला बग टाकला.