एकच नाव, दोन खाती: सीमाभागातल्या विद्यार्थ्यांनो, या चुका टाळा

कॅम्पस इंटरव्ह्यू जवळ आले की आपल्याकडची मुलं घाईघाईनं लिंक्डइनवर खातं उघडतात आणि इन्स्टाग्रामवरचे जुने फोटो काढून टाकतात. ही दोन्ही कामं पहिल्या वर्षापासून थोडी थोडी करायची आहेत. शिवाय बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मराठी मुलामुलींच्या काही अडचणी अशा आहेत, ज्यांचा पुण्या-मुंबईच्या सल्ल्यांत उल्लेखही नसतो.

प्रत्येक ठिकाणी वेगळं नाव

सगळ्यात जास्त त्रास हीच चूक देते. आपलं नाव घरी मराठीत, शाळेच्या कागदांत कन्नडमध्ये आणि तिथून इंग्रजीत जातं. 'ज्ञानेश्वर' आपण इंग्रजीत 'डीएनवाय'नं सुरू करतो. कर्नाटकातल्या दाखल्यावर तेच 'जेएन'नं सुरू झालेलं असू शकतं. सविता, गीता यांच्या शेवटच्या अक्षरात एक जादा 'एच' येऊन बसतो. महाराष्ट्रात, चंदगडकडे दहावी केली असेल तर प्रमाणपत्रावर आडनाव आधी. इकडे एसएसएलसी, म्हणजे कर्नाटक बोर्डाची दहावी, केली असेल तर कधी आडनावाऐवजी नुसतं आद्याक्षर. त्यात लिंक्डइनवर टोपणनाव आणि ईमेलमध्ये 'किंग' किंवा '९६के' आलं, की कंपनीच्या पडताळणीत ही सगळी एकच व्यक्ती आहे हे तुम्हालाच सिद्ध करत बसावं लागतं.

एसएसएलसीच्या मार्क्स कार्डावर आहे तेच स्पेलिंग रेझ्युमे, लिंक्डइन, गिटहब (प्रोग्रामचा कोड ठेवायची साइट) आणि ईमेलमध्ये ठेवा. कार्डावरच चूक असेल तर शाळेत मुख्याध्यापकांकडे अर्ज देऊन आधी तिथं दुरुस्त करून घ्या. फक्त ऑनलाइन बदलल्यानं गुंता वाढतो. गावाचंही तसंच. १ नोव्हेंबर २०१४ पासून इंग्रजीत अधिकृत नाव 'बेळगावी' आहे, तेव्हा लिंक्डइनच्या ठिकाणाच्या रकान्यात तेच निवडा, म्हणजे शोधणाऱ्याला तुम्ही सापडाल. मराठी मजकुरात 'बेळगाव' खुशाल लिहा.

'माझं खातं प्रायव्हेट आहे'

प्रायव्हेट खात्यातही तुमचं युजरनेम, फोटो आणि बायो सगळ्यांना दिसतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, एखाद्या सार्वजनिक पेजवर तुम्ही केलेली कमेंट कोणीही वाचू शकतं. आपली मुलं स्वतःच्या खात्यावर जपून वागतात आणि स्थानिक बातम्यांच्या पेजखाली मात्र मनात येईल ते लिहून मोकळी होतात. मित्रानं टाकलेल्या फोटोवर तर तुमच्या कुलुपाचा काहीच उपयोग नाही. म्हणून टॅग आपोआप लागू देऊ नका. आधी तुमची मंजुरी लागेल असं सेटिंग करा.

मित्रांसाठी दुसरं खातं ठेवायला माझी काहीच हरकत नाही, उलट मी ते सुचवेन. फक्त त्याला तोच मोबाइल नंबर जोडू नका. ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर आहे त्यांना इन्स्टाग्राम ते खातं सुचवू शकतं, आणि त्यांत तुमचे सरही असतील.

१ नोव्हेंबरच्या रागात लिहिलेलं

सीमाप्रश्नावर तुमचं मत असावं आणि ते मांडावं. १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, निषेध म्हणून काळा दिवस पाळणाऱ्या घरांतल्या मुलांना 'राजकारण नको' असं सांगणं मला पटत नाही. पण मराठी शाळा, मराठी फलक, आपले हक्क यांवर लिहिणं आणि कन्नड बोलणाऱ्यांना शिवी देणं यांत फार अंतर आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ मध्ये भाषेच्या आधारावर गटागटांत वैर पसरवण्याबद्दल तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. ती पोस्ट दुसऱ्यानं लिहिली होती, आपण फक्त पुढं पाठवली, यावर विसंबून राहू नका. पुढं पासपोर्टच्या वेळी पोलीस पडताळणी होते, तेव्हा नोंद झालेला गुन्हा समोर येतो. स्टेटस चोवीस तासांनी जातं, त्याचा स्क्रीनशॉट जात नाही. रागात लिहिलेलं रात्रभर ड्राफ्टमध्ये ठेवा आणि सकाळी नाव, तारीख, मुद्दा असं नीट मांडा.

याच भीतीपोटी काही जण उलट टोकाला जातात आणि प्रोफाइलमधून मराठी पुसूनच टाकतात. हे पाहून वाईट वाटतं. मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी अशा चार भाषांत ग्राहकाशी बोलणारा माणूस सीमाभागातल्या बँकेला, दवाखान्याला, साखर कारखान्याला हवाच असतो. भाषांच्या रकान्यात चारही लिहा, आणि खरं लिहा: कन्नड बोलता येतं पण लिहिता येत नसेल तर तसंच.

यूएसएन आणि मार्क्स कार्ड

व्हीटीयूच्या, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या, विद्यार्थ्यांनी हे लक्षात घ्यावं. यूएसएनमध्ये, म्हणजे विद्यापीठानं दिलेल्या तुमच्या नंबरमध्ये, विभाग, कॉलेजचा कोड, प्रवेशाचं वर्ष, शाखा आणि तुमचा क्रमांक असं सगळं असतं. तो नंबर हाती आला की दुसऱ्यालाही तुमचा निकाल उघडून पाहता येतो. म्हणून तो युजरनेममध्ये घालू नका आणि हॉल तिकिटाचा फोटो स्टेटसला ठेवू नका. निकालाच्या आनंदात मार्क्स कार्ड जसंच्या तसं टाकण्याऐवजी टक्केवारी लिहिली तरी अभिनंदन तेवढंच मिळतं.

कॉलेजनं दिलेल्या ईमेलवर लिंक्डइन किंवा गिटहब उघडलं असेल तर आजच स्वतःचा ईमेल जोडा. कॉलेज संपल्यावर तो पत्ता बंद झाला, तर पासवर्ड बदलायची लिंकही मिळणार नाही.

कोणी तुमच्या नावानं खातं उघडलं तर

घाबरून त्याच्याशी वाद घालू नका, आणि लगेच ब्लॉकही करू नका. आधी प्रोफाइलची लिंक कॉपी करा, तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, मग ॲपमध्ये तोतयेगिरीची तक्रार करा आणि मित्रांनाही करायला सांगा. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख लबाडीनं वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर करता येते. पैसे गेले असतील तर आधी १९३० ला फोन करा, तिथं मिनिटं मोलाची असतात. बेळगावात सीईएन, म्हणजे सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठीचं, पोलीस ठाणं आहे. तिथं जाताना स्क्रीनशॉटच्या छापील प्रती न्या, आणि कन्नड लिहिता येत नसेल तर अर्ज लिहून देणारा वर्गमित्र सोबत असू द्या.