मिरचीपुडीची टीएलसी: या चुका टाळा

नंदुरबारच्या मिरचीची पूड टीएलसी (पातळ थरावर रंग वेगळे करण्याची पद्धत) प्लेटवर चढवली की लाल, नारिंगी, पिवळे चार-पाच पट्टे उमटतात. एवढे रंग म्हणजे भेसळच, असा निकाल देणं ही सगळ्यात मोठी चूक. मिरचीतलं लाल रंगद्रव्य कॅप्सॅन्थिन मेदाम्लांशी कुठे एकदा, कुठे दोनदा जोडलेलं असतं; जितकं जास्त जोडलेलं, तितकं कमी ध्रुवीय. प्लेटवरच्या थरातली सिलिका ध्रुवीय (विजेचा भार एका बाजूला झुकलेल्या) रेणूंना धरून ठेवते आणि बाकीचे द्रावकाबरोबर वर सरकतात, त्यामुळे एकच रंगद्रव्य दोन-तीन उंचींवर थांबतं. बीटा-कॅरोटीन सगळ्यांत वर.

सुदान १ (भेसळीत वापरला जाणारा कृत्रिम रंग) शोधायचा तर त्याच प्लेटवर तीन ठिपके हवेत: नमुना, शुद्ध सुदान आणि दोन्ही एकावर एक. तिसऱ्यात सुदानच्या जागी दोन वेगळे ठिपके पडले तर तो रंग सुदान नव्हे. एकच गोल ठिपका आला तरी दुसऱ्या द्रावक-मिश्रणात पुन्हा तपासा. पक्का निकाल एचपीएलसी या यंत्रावरच्या अधिक अचूक चाचणीचाच.

ठिपक्याला शेपूट फुटते? अर्क दाट झाला. 1 ग्रॅम पूड 10 मिली ॲसिटोनमध्ये हलवून गाळा, तरीही फराटा आला तर दसपट पातळ करा. केशनलिकेने 2-3 मिमीचाच ठिपका द्या, कडेपासून 1.5 सेंमीवर. बरणीत द्रावक 0.5 सेंमीच, ठिपका बुडाला की रंग खालीच विरघळतो. रेघ पेन्सिलीची, कारण पेनाची शाई स्वतःच धावते.

खरी परीक्षा घेते ती आपल्याकडची हवा. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात हेक्झेन-ॲसिटोन (7:3) उघड्या बरणीत ठेवलं, तर 56 अंशांना उकळणारं ॲसिटोन आधी उडतं, मिश्रण बदलतं आणि ठिपके खालीच अडकतात. कडेचे ठिपके मधल्यांपेक्षा वर गेले, तर बरणीतली वाफ पुरी नव्हती. आत गाळणकागद लावून झाकण 15 मिनिटं बंद ठेवा, प्रत्येक वेळी ताजं द्रावक घ्या. आणि जवळ बर्नर नको, हेक्झेन पटकन पेटतं. पावसाळ्यात उलटं: सिलिका ओल पिते, सगळं वर पळतं. प्लेट 110 अंशांवर 30 मिनिटं तापवून डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) थंड करा.

म्हणूनच पुस्तकातल्या आरएफशी (ठिपक्याने कापलेलं अंतर भागिले द्रावकाने कापलेलं अंतर) आपला आकडा ताडून भेसळ ठरवू नका. ठिपका 3.6 सेंमी, द्रावक 8 सेंमी, म्हणजे 0.45; पण द्रावकाची रेघ प्लेट बाहेर काढताक्षणी मारली असेल तरच. फोटोही तेव्हाच काढा, कॅरोटिनॉइड उजेडात फिके पडतात.