गावातल्या विकासकामाची फाइल कशी वाचावी

गावात नवा रस्ता झाला की दोनच मतं ऐकू येतात. एका पारावर 'काम एक नंबर झालंय', दुसऱ्या पारावर 'सगळं खाल्लं'. दोन्हीकडच्या कुणीही टेप लावलेला नसतो आणि फाइल उघडलेली नसते. खरं तर ग्रामपंचायतीचं एखादं काम नीट चाललं की नाही, हे कळायला इंजिनिअर असावं लागत नाही. कागदावरच्या तारखा ओळीने लावता आल्या आणि लांबी-रुंदी मोजता आली, तर निम्म्याहून जास्त गोष्टी समजतात. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात हे कसं करायचं, ते सांगतो.

एकच काम धरा

सगळा कारभार एकदम तपासायला निघालात तर महिन्याभरात कंटाळाल. गेल्या वर्ष-दोन वर्षांत झालेलं, रोज डोळ्यांसमोर असलेलं एक काम निवडा. गटार, काँक्रीटचा रस्ता, अंगणवाडीची खोली, काहीही चालेल. कामाच्या जागी माहिती फलक असेल तर त्याचा फोटो घ्या. कामाचं नेमकं नाव, कुठल्या निधीतून, किती रकमेचं, ठेकेदार कोण, हे त्यावर असायला हवं. फलकच नसेल तर तेही वहीत लिहून ठेवा. नाव मात्र शब्दशः उतरवा. 'रस्ता काँक्रीटीकरण, अमुक घर ते तमुक घर' यातली दोन घरं पुढे फार उपयोगी पडतात, कारण काम कुठून कुठपर्यंत मंजूर होतं, हे त्यांच्यावरूनच ठरतं.

मोबाइलवर जेवढं मिळतं तेवढं आधी पाहा

केंद्र सरकारचं ई-ग्रामस्वराज पोर्टल 24 एप्रिल 2020 पासून सुरू आहे. राज्य, जिल्हा, तालुका आणि ग्रामपंचायत निवडत गेलात की मंजूर आराखडा आणि झालेला खर्च वर्षवार दिसतो. लॉगिन लागत नाही. तुमचं काम आराखड्यात होतं का, हे इथे पाहा. आपल्याकडे हा आराखडा 'आमचं गाव, आमचा विकास' या नावाने होतो.

निधीचं नावही लक्षात ठेवा. 15व्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 या काळातल्या निधीचे दोन भाग आहेत. 60 टक्के बंधित, म्हणजे तो पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचा. उरलेला 40 टक्के अबंधित, गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचा, पण पगारावर आणि आस्थापनेवर नाही. बंधित निधीतून कमान उभी राहिली असेल, तर पुढचा प्रश्न आपोआपच सुचतो.

काम ठरवलं कुणी?

ही पायरी लोक हमखास गाळतात. चोरी सापडली तरच कारभार वाईट, असा आपला समज असतो. माझ्या पाहण्यातल्या एका गटाराचं अंदाजपत्रक बरोबर होतं, मापं जुळत होती, सिमेंटही चांगलं होतं. फक्त गटार जिथे संपत होतं तिथे पुढे वाटच नव्हती, एक भिंत होती. पहिल्याच पावसात पाणी शेवटच्या दोन घरांत शिरलं. त्या घरातल्या बायकांना आधी विचारलं असतं, तर पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते त्यांनी हातवारे करून दाखवलं असतं.

म्हणून ग्रामसभेचा ठराव काढा. ठरावाचा क्रमांक, तारीख, सूचक, अनुमोदक आणि त्या दिवशीची हजेरी बघा. कोरम म्हणजे एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली जी संख्या कमी असेल ती. तेवढी माणसं जमली नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभा पुन्हा घेताना कोरमची अट नसते. बरेच महत्त्वाचे ठराव या दुसऱ्या सभेत, पंधरा-वीस सह्यांवर होऊन जातात. ते बेकायदा नसतं. पण 'गावाने ठरवलं' या वाक्यात गाव किती होतं, ते त्यावरून कळतं. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते, तिचंही प्रोसिडिंग मागा. दोन्ही सभांचा मजकूर शब्दाला शब्द सारखा असेल तर काय समजायचं, ते मी सांगायला नको.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला 15 टक्के भाग मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो कुठे गेला, हेही ठराव बघतानाच विचारून घ्या.

फाइल मागवा

आधी साधेपणाने तोंडी मागा. कित्येक ग्रामसेवक (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) फाइल समोर ठेवतात, चहाही पाजतात. नाहीच मिळाली तर माहिती अधिकार आहे.

माझा पहिला अर्ज असा होता: 'गेल्या पाच वर्षांतील सर्व कामांची संपूर्ण माहिती द्यावी.' उत्तर आलं की माहिती विस्तृत स्वरूपाची आहे. चूक माझीच होती. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत हवा. असं लिहा:

'अमुक या कामाच्या पुढील कागदांच्या प्रती द्याव्यात: ग्रामसभेचा ठराव, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा किंवा दरपत्रके व तुलनात्मक तक्ता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, साहित्य चाचणी अहवाल, देयके, पूर्णत्वाचा दाखला. तसेच मूळ फाइलची व प्रत्यक्ष कामाची पाहणी करू द्यावी.'

अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, प्रतींना पानामागे 2 रुपये. उत्तराची मुदत 30 दिवस. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करा. तिथेही काम झालं नाही तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. अर्जातलं शेवटचं वाक्य मुद्दाम घातलंय. 2005 च्या कायद्याच्या कलम 2(ञ) मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. लोक प्रती घेऊन थांबतात, हा हक्क तसाच पडून राहतो.

तारखा एका ओळीत लावा

मला सगळ्यात जास्त आवडणारा भाग हाच. कोरा कागद घ्या, प्रत्येक कागदपत्राची तारीख एकाखाली एक लिहा. क्रम साधारण असा यायला हवा: ठराव, अंदाजपत्रक, मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप, चाचणी अहवाल, देयक, दाखला. कुठे उलटसुलट होतंय का बघा. कार्यारंभ आदेशाच्या आधीच्या तारखेचं मोजमाप असेल, तर काम आधी झालं आणि कागद नंतर रंगवले.

आता मोजमाप पुस्तिकेकडे या. सगळे तिला एम.बी. म्हणतात. कनिष्ठ किंवा शाखा अभियंत्याने जागेवर मोजून तिच्यात लांबी, रुंदी, जाडी लिहायची असते. रस्त्याचं खोदकाम, त्यावरचा मुरूम किंवा खडीचा थर आणि वरचं काँक्रीट, हे तीन वेगवेगळे थर. खालचा थर झाकला गेला की तो मोजता येत नाही, म्हणून तो झाकण्याआधी मोजायचा असतो. एम.बी.त तिन्ही थरांची नोंद एकाच तारखेला, एकाच शाईत असेल, तर खालच्या थरांची मापं अंदाजपत्रकातून उतरवलेली असण्याची शक्यता भरपूर.

दुसरी खूण काँक्रीटच्या चाचणीची. काँक्रीट ओतताना 15 सेंटिमीटरचे चौकोनी ठोकळे भरतात, ते पाण्यात ठेवतात आणि प्रयोगशाळेत दाबून फोडतात. शेवटची चाचणी 28 दिवसांनी होते. कार्यारंभ आदेश 1 मार्चचा, अंतिम देयक 24 मार्चचं आणि सोबत 28 दिवसांचा अहवाल, असं सापडलं तर भांडायची गरज नाही. कॅलेंडर काढून समोर ठेवा. मार्चअखेरीला निधी परत जाण्याच्या धास्तीने असे चमत्कार जास्त होतात. हे सगळं पैसे खाण्यासाठीच होतं असंही नाही. निधी फेब्रुवारीत येतो आणि काम मार्चमध्ये संपवा म्हणतात, तेव्हा चांगला माणूसही खोटी तारीख टाकतो.

निविदेच्या भागात दोन गोष्टी पाहा. एकाच रस्त्याची दोन-तीन अंदाजपत्रकं केली आहेत का, आणि पहिलं जिथे संपतं तिथूनच दुसरं सुरू होतं का? ज्या रकमेवर निविदा काढावी लागते ती मर्यादा चुकवण्यासाठी कामाचे असे तुकडे पाडतात. दुसरं म्हणजे तीन दरपत्रकं तीन वेगळ्या लोकांची असतील, तर तिन्हींत 'बांधकम' ही एकच चूक कशी?

टेप घेऊन जागेवर जा

सोबत निदान दोघं घ्या. एकाने टेपचं टोक धरायचं, एकाने लिहायचं. शक्यतो एक जण सरपंचांच्या गटातलाही असू द्या, म्हणजे नंतर मापावर वाद होत नाही. लांबी एकदा मोजा, रुंदी किमान पाच ठिकाणी. रुंदी बहुधा वळणावर आणि कुणाच्या तरी ओट्यापाशी कमी भरते.

जाडी अवघड. कडेला माती सरकवून पट्टी लावता येते, पण कडेवरून मधला अंदाज पक्का येत नाही. फरक सेंटिमीटरभर असेल तर सोडून द्या. मोठा दिसला तर गटविकास अधिकाऱ्यांना पत्र देऊन कोअर काढून तपासायची मागणी करा. यंत्राने रस्त्यातून गोल कांडी कापून काढतात, तिच्यावर थर स्पष्ट दिसतात.

हिशेब एकदा करूनच पाहा. रस्ता 100 मीटर लांब, 3 मीटर रुंद, 15 सेंटिमीटर जाड. गुणाकार 45 घनमीटर. जाडी प्रत्यक्षात 10 सेंटिमीटरच भरली तर काँक्रीट 30 घनमीटर. गेले 15. एम-20 दर्जाच्या काँक्रीटला घनमीटरमागे साधारण आठ पोती सिमेंट लागतं, म्हणजे जवळपास 120 पोती त्या रस्त्यात आलीच नाहीत. 'पाच सेंटिमीटर कमी' असं म्हटलं की ग्रामसभेत कुणी मान वर करत नाही. 120 पोती म्हटलं की सगळे बघतात.

गटार असेल तर टेपसोबत बादलीही न्या. वरच्या टोकाला पाणी ओता आणि ते कुठे थांबतं बघा.

प्रश्न कसा विचारायचा

ग्रामसभा सहसा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला असतात. प्रश्न आधी लेखी द्या, पोच घ्या. 'भ्रष्टाचार झाला आहे' हे वाक्य लिहू नका. 'एम.बी.च्या अमुक पानावर रुंदी 3 मीटर आहे, पाचपैकी तीन ठिकाणी ती 2.6 भरली, फरकाचं कारण काय?' असं लिहा. आरोपावर चिडता येतं, मापाला उत्तर द्यावं लागतं. कधी कधी ते खरंच मिळतं: रुंदी कमी केली आणि उरलेल्या काँक्रीटमध्ये रस्ता पुढच्या वळणापर्यंत नेला. तसं असेल तर ती लांबी मोजा आणि बदलाला मान्यता घेतली होती का, एवढंच विचारा.

ग्रामसभेत उत्तर मिळालं नाही तर गटविकास अधिकारी, मग जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. पदाधिकाऱ्याच्या गैरवर्तनाची तक्रार ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 39 खाली होते, पण तिथे जाताना कागद पक्के हवेत. स्थानिक निधी लेखापरीक्षेचा जुना अहवालही मागून घ्या. तुमचा आक्षेप तिथे आधीच नोंदलेला आणि अनुपालनाविना पडलेला सापडू शकतो.

आणि कार्यारंभ आदेशात किंवा करारात दोषदायित्व कालावधी शोधा. त्या मुदतीत काम उखडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं असतं, त्यासाठी त्याची अनामत रक्कम अडकवून ठेवलेली असते. मुदत संपायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. पहिला मोठा पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी तारखेसकट फोटो काढा आणि अनामत परत जाण्याआधी ते पत्रासोबत ग्रामपंचायतीत द्या.