शर्यतीतला कचरा कसा आवरावा: कप टेबलाशी पडत नाही, पुढे पडतो

आधी आकडा मांडा. 500 पळणारे, 21 किलोमीटर, दर अडीच किलोमीटरला पाणी, म्हणजे आठ टेबलं. माणशी एक कप धरला तरी 4,000 कप झाले. प्लॅस्टिकच्या ग्लासांवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे, म्हणून बहुतेक जण कागदी कप आणतात. त्यालाही आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतोच. कागद कुजला तरी तो मातीत राहतो.

नेहमीची चूक म्हणजे डबा टेबलाला टेकवून ठेवणं. साडेसहा मिनिटांना किलोमीटर पळणारा कप रिकामा करायला वीस-चाळीस सेकंद घेतो. तेवढ्यात तो 50 ते 100 मीटर पुढे गेलेला असतो आणि हात तिथे मोकळा होतो. म्हणून पहिलं पोतं टेबलापासून 30 मीटरवर, दुसरं 70 वर, तिसरं 120 वर लावा. शेवटचं 200 मीटरवर, त्यावर ‘इथून पुढे डबा नाही’ अशी मोठी पाटी. बारदान्याचं पोतं दोन बांबूंना तोंड उघडं राहील असं बांधा, तळाशी दगड टाका. झाकणाचा डबा नको. पळताना कुणी झाकण उघडत नाही.

मराठवाड्यात या शर्यती बहुधा हिवाळ्यात होतात. रस्त्याच्या कडेला ज्वारी, तूर, वेचणीला आलेला कापूस. ऊन चढलं की वारा सुटतो आणि कप बांध ओलांडतो. मग उभ्या पिकात शिरून वेचता येत नाही, आणि ढोरं प्लॅस्टिकच्या थरासकट ते कप खातात.

150 मिलीचा कप 100 मिलीच भरा. दर टेबलाला 50 लिटर लागतं, पण डोक्यावर ओतणारे असतातच, तेव्हा वीस लिटरचे चार जार ठेवा. त्याहून बरं म्हणजे नोंदणीतच घडीचा कप आणायला सांगणं आणि चार तोट्या लावणं. तोट्या कमी पडल्या तर रांग लागते आणि लोक चिडतात. मंडपवाल्याचे स्टीलचे ग्लास दिसायला छान, पण धुवायला पाणी लागतं; टँकरवर जगणाऱ्या गावात ते शोभत नाही.

सायकलवाल्यांचा कचरा वेगळा. एनर्जी जेलचं, म्हणजे वाटेत चोखून खायच्या गोड लगद्याचं, पाकीट उघडताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा. तो चिमूटभर तुकडाच रस्त्यावर राहतो. रिकामं पाकीट तोंडाकडून गुंडाळून जर्सीच्या मागच्या मधल्या खिशात, झिपच्या पिशवीत. नुसतं कोंबलं तर चिकटतं आणि दुसरं काही काढताना बाहेर पडतं. पंक्चर झालेली ट्यूबही परत आणायची. दौलताबादच्या घाटासारख्या रस्त्यावर पोती चढाच्या आधी आणि माथ्यावर लावा. उतारावर कुणी हँडलचा हात सोडू नये. केळीची साल ‘कुजेलच की’ म्हणून फेकतात, पण मागून येणाऱ्याच्या चाकाखाली ती आजच येते.

शेवटच्या पळणाऱ्यामागे छोटा हत्ती आणि पायी दोघं, रस्त्याच्या दोन्ही कडांनी. टेबल उठल्यावर अर्ध्या तासात तो भाग झाला पाहिजे. बाटल्यांतलं उरलेलं पाणी झाडाला ओता, नाहीतर पोतं उचलत नाही आणि कागद भिजतो. कप एकात एक घाला. साली वेगळ्या.

मैदानावर बिबच्या, म्हणजे छातीवरच्या नंबराच्या, पिना राहतात: माणशी चार, 500 जण, म्हणजे 2,000. जुन्या स्पीकरचं चुंबक पिशवीत घालून दोरीने गवतावरून ओढत फिरवा. चुंबक पिशवीतून काढलं की पिना गळून पडतात. संध्याकाळी त्याच मैदानावर पोरं अनवाणी कबड्डी खेळतात.