वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी आहाराची आणि सवयींची तयारी कशी करावी

शस्त्रक्रियेची तारीख ठरली की घरात आधी खर्चाची आणि रजेची चर्चा होते. ताटाची चर्चा मात्र बहुधा शेवटच्या आठवड्यापर्यंत लांबते. हा क्रम बदलावा, असे मला मनापासून वाटते. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी शिल्लक राहते. तिच्यात सुरुवातीला जेमतेम लहान वाटीभर अन्न मावते. भरभर जेवण्याची, जेवताना पाणी पिण्याची किंवा दिवसभर चहावर राहण्याची सवय अंगात मुरलेली असेल, तर ती टाके ओले असताना मोडणे फार अवघड जाते. म्हणून शक्य असल्यास दोन-तीन महिने आधीच सरावाला लागावे.

पहिली पायरी नोंदीची आहे. एक साधी वही घेऊन आठवडाभर तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट वेळेसह लिहावी. स्वयंपाक करताना घेतलेली चव, मुलांच्या ताटातले संपवलेले उरलेले घास आणि कार्यालयातल्या वाढदिवसाचा केकही त्यात आला पाहिजे. खाताना खरोखर भूक होती, की कंटाळा किंवा ताण होता, हेही शेजारी लिहावे. पुण्यात या वहीत सर्वांत आधी डोळ्यांत भरतो तो चहा. दिवसाचे चार कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर धरली, तर सुमारे 40 ग्रॅम साखर, म्हणजे 160 कॅलरी, जेवणाच्या हिशेबाबाहेर पोटात जातात. अमृततुल्यमधला कप लहान दिसतो, पण गोडीला तो कमी नसतो. साखर एकदम बंद करणे जड जात असेल, तर दर आठवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी करावी आणि कपांची संख्याही हळूहळू दोनवर आणावी.

दुसरी पायरी प्रथिनांची आहे, आणि शाकाहारी घरांत खरी कसोटी येथेच लागते. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला साधारण 60 ते 80 ग्रॅम प्रथिने घेण्यास सांगितले जाते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हा आकडा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावा. प्रथिने अपुरी पडली, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि केसगळती वाढू शकते. दोन पोळ्या, भाजी, पातळ आमटी आणि भात हे आपले नेहमीचे जेवण पोट भरते, परंतु पातळ आमटीच्या वाटीत डाळ थोडी आणि पाणीच जास्त असते. त्याऐवजी सकाळी 50 ग्रॅम मूगडाळीची धिरडी आणि 50 ग्रॅम पनीर घेतल्यास सुमारे 20 ग्रॅम प्रथिने मिळतात. दुपारी मटकीची दाट उसळ, वाटीभर दही आणि एक भाकरी यांतून 18 ग्रॅमच्या आसपास, संध्याकाळी ताक आणि मूठभर फुटाणे यांतून सात-आठ ग्रॅम, तर रात्री 30 ग्रॅम सुक्या सोयावडीच्या भाजीतून साधारण 15 ग्रॅम मिळतात. अंडी चालत असतील तर काम सोपे होते, कारण एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. खाण्याचा क्रमही बदलावा लागतो. आपल्याकडे जेवणाची सुरुवात वरण-भाताने करण्याची रीत आहे. येथे मात्र आधी उसळ किंवा पनीर, मग भाजी आणि जागा उरलीच तर भाकरी किंवा भात, असा क्रम लावून घ्यावा.

खायचे काय हे ठरले की खायचे कसे, याचा सराव करावा. लहान ताटली आणि चहाचा चमचा घ्यावा, घास वीस-पंचवीस वेळा चावावा आणि जेवण 20 ते 30 मिनिटांत संपेल असे पाहावे. पाण्याचे तांब्या-भांडे जेवताना समोर ठेवूच नये. जेवण झाल्यावर अर्ध्या तासाने घोट घोट पाणी प्यावे आणि दिवसभराचे पाणी दोन जेवणांच्या मधल्या वेळेत विभागून घ्यावे. सोडा आणि शीतपेये याच टप्प्यावर सोडावीत.

तंबाखूबाबत तडजोडीला जागा नाही. सिगारेट, विडी, गुटखा आणि मिसरी हे सर्व शस्त्रक्रियेपूर्वी किमान सहा आठवडे बंद हवे आणि नंतरही बंदच राहिले पाहिजे. तंबाखूमुळे जखम भरण्यास विलंब होतो, धूम्रपानामुळे फुप्फुसांचा त्रास आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो, आणि गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे जठराचा लहान कप्पा थेट आतड्याला जोडण्याची वजन कमी करण्याची दुसरी शस्त्रक्रिया, केलेल्या रुग्णांत जोडाच्या जागी व्रण होऊ शकतो. मिसरीचा उल्लेख मुद्दाम केला, कारण ‘तंबाखू घेता का?’ या प्रश्नाला मिसरी लावणाऱ्या अनेक जणी प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर देतात. मद्यही या काळात बंद ठेवावे.

औषधांची पूर्ण यादी, काढे आणि चूर्णांसह, डॉक्टरांना दाखवावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या केव्हा थांबवायच्या, हे तेच सांगतील. मधुमेहावरील डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्या शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस आधी थांबवाव्या लागतात, अन्यथा रक्तात घातक आम्लता वाढू शकते; मात्र असा बदल स्वतःच्या मनाने करू नये. बी-12, ड जीवनसत्त्व आणि लोह यांची कमतरता आढळल्यास ती आधीच भरून काढावी. झोपेत श्वास अडखळत असल्याचे निदान झाले असेल, तर दिलेले सीपॅप यंत्र, म्हणजे मुखवट्यातून दाबाने हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारे यंत्र, रोज रात्री वापरावे.

चालण्याची सुरुवात सारसबागेसारख्या सपाट जागी दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटांनी करावी. गुडघे दुखत असतील, तर पर्वतीच्या पायऱ्या चढण्याचा अट्टहास धरू नये.

आता शेवटच्या दोन आठवड्यांविषयी. या काळात सहसा 800 ते 1,000 कॅलरींचा, कमी पिष्टमय आणि प्रथिनयुक्त आहार दिला जातो, आणि त्यामागचे कारण समजले तर तो पाळणे सोपे जाते. यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो. स्थूल व्यक्तींमध्ये तो बहुधा चरबीने मोठा आणि ठिसूळ झालेला असतो, त्यामुळे दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करताना तो बाजूला उचलणे कठीण जाते आणि रक्तस्रावाची भीती असते. पिष्टमय पदार्थ कमी झाले की यकृत आपल्यातील साठवलेली साखर, तिच्याबरोबर धरून ठेवलेले पाणी आणि थोडी चरबी वापरून टाकते व आकसते. पोळी, भात, बटाटा, साबुदाणा, साखर, केळे आणि फळांचे रस बंद होतात. प्रथिनांची पावडर, सायीविना दूध, ताक, अंड्याचा पांढरा भाग, दुधीचे सूप, काकडी आणि पालेभाज्या राहतात. पहिल्या तीन-चार दिवसांत डोके दुखणे, चिडचिड आणि बद्धकोष्ठता होऊ शकते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्रा कमी करून घेतल्याशिवाय हा आहार सुरू करू नये, कारण साखर एकाएकी घसरण्याचा धोका असतो.

चतुर्थी किंवा एकादशी या पंधरवड्यात येत असेल, तर काय करायचे ते आधीच ठरवावे. साबुदाण्याची खिचडी जवळजवळ निव्वळ पिष्टमय असते, वर तूप आणि दाण्याचे कूट. उपवासाला ती खाल्ली तर आहार तेथेच मोडतो. तारीख निवडणे आपल्या हाती असेल, तर हे दोन आठवडे गणेशोत्सवात किंवा दिवाळीत येऊ देऊ नयेत. दहा दिवस घरोघरी मोदकांना नकार देत बसण्यापेक्षा तारीख बदलून घेणे सोपे असते. ‘आता पुन्हा कुठे खायला मिळणार’ म्हणून आदल्या आठवड्यात मिसळ आणि मस्तानीचा निरोपसमारंभ करण्याची इच्छा अनेकांना होते. तसा एखादा दिवसही यकृत पुन्हा भरू शकतो. आग्रह करणाऱ्या मावशी-काकूंना याचे कारण एकदा शांतपणे समजावून सांगावे.

आदल्या रात्री उपाशी राहण्याची वेळ भूलतज्ज्ञ ठरवतात. सर्वसाधारणपणे घन अन्न आणि दूध सहा तास, तर साधे पाणी दोन तास आधी बंद करतात, परंतु काहींना यापेक्षा अधिक वेळ सांगितला जातो. दुधाचा चहा दुधातच मोजला जातो, हे घरातील सर्वांना सांगून ठेवावे. तरीही पहाटे सवयीने कपभर चहा घेतला गेलाच, तर तो लपवू नये. भूल दिल्यावर जठरातील द्रव फुप्फुसांत जाऊ शकतो, म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली तरी चालेल, पण रुग्णालयात पोहोचताच ही गोष्ट भूलतज्ज्ञांच्या कानावर घालावी.