ओव्हन सतत बीप करत असेल तर

आधी स्क्रीन वाचा. साधा टायमर संपला असेल किंवा वीज जाऊन आल्यावर घड्याळ लुकलुकत असेल, तर वेळ लावली की बीप थांबतो. अक्षर-आकड्यांचा कोड दिसत असेल तर तो लिहून ठेवा. वीज बंद केल्यावर तो पुसला जाऊ शकतो. मग ओव्हनचा एमसीबी (वीज तोडणारा मुख्य बोर्डावरचा स्विच) पाच मिनिटं खाली पाडून बंद ठेवा. नुसतं ओव्हनचं बटण बंद करून कंट्रोल बोर्ड (ओव्हन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) रिसेट होत नाही.

चालू केल्यावर बीप परत आला, तर बहुतेक वेळा दोष टच पॅनेलचा किंवा तापमान सेन्सरचा असतो. पॅनेलमागे वाफ किंवा तेलकटपणा गेला की एखादं बटण सतत दाबल्यासारखं राहतं. क्लीनर थेट पॅनेलवर फवारू नका, फडक्यावर घ्या. वीज बंद करून पॅनेलची रिबन केबल (चपटी पट्टीसारखी वायर) काढून पुन्हा घट्ट बसवा. माझ्याकडे एवढ्यानेच बीप थांबला.

सेन्सर म्हणजे आतल्या मागच्या भिंतीवरची पेन्सिलीसारखी सळई. दोन स्क्रू काढून कनेक्टर सोडवा (वायर आत निसटू देऊ नका) आणि मल्टिमीटरने ओहम मोजा. बऱ्याच इलेक्ट्रिक ओव्हनमध्ये १००० ओहमचा सेन्सर असतो. खोलीच्या तापमानाला तो साधारण १०८० ते ११०० दाखवतो. रीडिंगच आलं नाही तर सेन्सर तुटलाय, शून्याजवळ आलं तर शॉर्ट आहे. दोन्हीत नवीनच बसवावा लागतो, आणि तो मॉडेल नंबर बघूनच घ्यावा. सेन्सर ठीक, केबल ठीक, तरी तोच कोड? मग दोष कंट्रोल बोर्डचा.