पट्टीवर 'सीतेची वेणी', पण फूल वेगळंच? आमरीची (ऑर्किडची) ओळख अशी तपासा

कुंडीवरच्या पट्टीवर 'सीतेची वेणी' लिहिलंय आणि तुरा फुलल्यावर मन मानत नाही, असं झालं तर जुनी पट्टी फेकू नका. नाव चुकलेलं असलं, तरी रोप कुठून आलं याचा धागा तेवढाच असतो. तिच्या मागे पेन्सिलीनं तारीख टाकून ठेवा. मार्करची शाई आपल्याकडच्या उन्हात उडून जाते, पेन्सिल टिकते.

पानांवरून निकाल देऊ नका. सीतेची वेणी (रिंकोस्टायलिस रेटुसा), एरिडीस मॅक्युलोसा आणि वांडा टेसेलाटा या तिन्ही आमरींची पानं पट्ट्यासारखी, दोन रांगांत, टोकाशी असमान कापल्यासारखी. त्यात भुसावळ-जळगावचं ऊन शेडनेटखालीही पानांवर जांभळट झाक आणतं. तीच झाक पाहून जात ठरवली की फसगत होते.

म्हणून फुलाची वाट पाहायची. एप्रिल-मेच्या झळांनी कळ्या पिवळ्या पडून गळतात. वाऱ्याच्या बाजूला ओलं गोणपाट टांगा, जमीन शिंपडून गार ठेवा. भर दुपारी कळ्यांवर पाणी मारू नका.

फूल उमलल्यावर सकाळी आठच्या आत, सावलीत, पांढऱ्या कागदावर मिलिमीटरची पट्टी ठेवून फोटो काढा: समोरून, बाजूनं, मागून आणि अख्खा तुरा. मग पूर्ण उमललेलं एकच फूल खुडून नव्या ब्लेडनं ओठापासून शुंडिकेपर्यंत उभं चिरा. ओठ म्हणजे फुलाची इतरांपेक्षा वेगळ्या आकाराची पाकळी, आणि शुंडिका म्हणजे ओठाच्या बुडाशी असलेली पोकळ पिशवी किंवा शिंग. पाहायला सराफ वापरतात तसं १० पटींचं भिंग पुरतं.

खरा निवाडा इथेच होतो. सीतेच्या वेणीची शुंडिका दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी चपटी पिशवी असते, टोक मागे. ओठ अखंड, त्याला बाजूचे पाळे (फाटून झालेले भाग) नसतात. एरिडीसमध्ये ओठ तीन पाळ्यांचा, मधला पाळा रुंद आणि गडद गुलाबी-जांभळा, शुंडिका लहान आणि पुढे वळलेली. तुराही सांगतो: वेणीचा दाट, न फाटणारा, खाली लोंबणारा; मॅक्युलोसाचा विरळ आणि पुष्कळदा फांद्या फुटलेला. दोन्हींवर गुलाबी ठिपके असतात, म्हणून ठिपक्यांवर जाऊ नका.

वांडा टेसेलाटा फुलल्यावर चुकायचं कारणच नाही: चार-पाच सेंटिमीटरचं फूल, पाकळ्यांवर तपकिरी जाळी, ओठ निळसर-जांभळा. पिवळ्या पाकळ्यांवर तपकिरी आडवे पट्टे, फूल लहान आणि तुरा आखूड असेल तर अकँपे प्रेमोर्सा ही आणखी एक आमरी आहे का ते तपासा.

खुणा दोन जातींच्या मिसळलेल्या दिसल्या तर रोप संकरित असू शकतं. तिथे ओढूनताणून जात बसवू नका, 'ओळख बाकी' लिहा. मोबाइलच्या अ‍ॅपनं सांगितलेलं नावही शुंडिका पाहिल्याशिवाय पट्टीवर चढवू नका. चिरलेलं फूल ७० टक्के अल्कोहोलमध्ये छोट्या बाटलीत ठेवा, पुढच्या हंगामात ताडून पाहता येतं. रंग उतरतो, आकार राहतो.

नव्या पट्टीवर नाव, फुलण्याचा महिना आणि 'फुलावरून ओळखली' एवढं लिहा. मग त्याच रोपाची फूट ज्यांना दिली असेल, त्यांना फोन करून त्यांच्याही पट्ट्या बदलून घ्या.